चूक बोटाची की पडद्याची?

खानदेशातील अमळनेर हे तालुक्याचे गाव मराठी माणसाला दोन कारणांनी ठाऊक असते. एक, साने गुरुजींनी तेथील प्रताप हायस्कुलात मुलांना शिकवले. आणि दुसरे, विप्रो. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला. पुढे त्यांचे चिरंजीव अझीम यांनी त्याच कंपनीला संगणकाच्या धंद्यात नेले. अमळनेरातील अनेक कुटुंबांनी जुने शेअर जपून ठेवले आणि त्यांचे नशीब कसे उघडले, ही कथा आपण पुष्कळदा वाचली आहे.

या कथेतील एक छोटे प्रकरण मात्र फारसे कोणी वाचलेले नसेल. ऑक्टोबर २०१७ मध्ये, ‘डिझाइनिट’ या आपल्या उपकंपनीमार्फत, विप्रोने सॅन फ्रान्सिस्कोमधील ‘कूपर’ नावाची एक लहानशी संस्था विकत घेतली. किंमत ८५ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५५ कोटी रुपये. विप्रोच्या हिशेबात ही चिल्लरच. पण या संस्थेने काय विकले होते? तिच्याकडे कारखाना नव्हता. दुकानात मांडता येईल असा मालही नव्हता. इतकेच काय, ती ग्राहकांना सॉफ्टवेअरसुद्धा लिहून देत नव्हती. पडद्यावर काय दिसावे, कोणते बटण कोठे असावे आणि ते दाबल्यावर पुढे काय घडावे, एवढेच ती ठरवून देत असे.

एवढ्याशा कामाचे एवढे पैसे, असे वाटणे साहजिक आहे. पण आपल्या घरातला एखादा दिवस आठवून पाहावा. गॅसचा सिलिंडर, विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, मुलीच्या परीक्षेचा अर्ज, आजोबांचा हयातीचा दाखला, शेतातल्या पिकाची नोंद, सारे आता एका वीतभर पडद्यातून जाते. आणि त्या पडद्यापुढे अडलेली आई म्हणते, “मला बाई यातले काही कळतच नाही.” मुलगा म्हणतो, “द्या इकडे, तुम्हाला जमणार नाही.” दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की चूक आईची आहे. ‘कूपर’ या संस्थेने पंचवीस वर्षे नेमके हेच गृहीतक खोडून काढण्याचे काम केले. म्हणून तिची कहाणी आपल्या कामाची आहे.

एका अक्षराची किंमत

या संस्थेचे संस्थापक अ‍ॅलन कूपर यांचे एक गाजलेले पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. ‘वेड्यांच्या इस्पितळाचा कारभार वेड्यांच्याच हाती’ अशा अर्थाचे त्याचे नाव. पुस्तकाच्या आरंभी एका विमान अपघाताची हकिकत येते. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे विमान मायामीहून कोलंबियातील काली शहराकडे निघाले होते. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि उतरण्याचा मार्ग ऐन वेळी बदललेला. वैमानिकांना ‘रोझो’ या खुणेच्या दिशेने जायचे होते. नकाशावर तिच्यासाठी इंग्रजी ‘आर’ हे अक्षर होते. त्यांनी संगणकाला ‘आर’ दिले. संगणकाने यादी दाखवली आणि त्यांनी पहिले नाव निवडले. पण संगणकाच्या लेखी ‘आर’ म्हणजे ‘रोमिओ’, बोगोटाजवळची, दोनशेहून अधिक किलोमीटर दूरची खूण. विमान आज्ञाधारकपणे वळले आणि डोंगरावर आदळले. विमानातील १६३ जणांपैकी १५९ जण मरण पावले.

चूक वैमानिकांची होती काय? चौकशीत त्यांच्यावर ठपका आलाच. पण हे प्रकरण पुढे अमेरिकेतील न्यायालयात गेले. २००० साली मायामीतील ज्यूरीने दोषाची वाटणी केली ती अशी: विमान कंपनी ७५ टक्के, दिशादर्शनाची माहिती पुरवणारी जेपसन कंपनी १७ टक्के आणि विमानातील संगणक बनवणारी हनीवेल कंपनी ८ टक्के. म्हणजे दोषाचा चौथा हिस्सा माणसाचे बोट सोडून त्या बोटापुढे ठेवलेल्या यंत्रणेकडे गेला. कूपर यांचा मुद्दाही हाच होता. विमानाचे तोंड भलत्याच दिशेला वळते आहे हे त्या संगणकाला मोजता येत होते. ते सांगण्याची बुद्धी त्याला कोणी दिली नव्हती, कारण ते सांगावे असे कोणाच्या मनातच आले नव्हते.

घरचाच माणूस

ही टीका बाहेरच्या कोणी केली असती तर संगणकवाल्यांनी कदाचित ऐकली नसती. पण कूपर घरचेच होते. १९५२ सालचा त्यांचा जन्म. कॅलिफोर्नियात वास्तुशास्त्र शिकत असताना फीपुरते पैसे मिळावेत म्हणून ते प्रोग्रॅम लिहू लागले आणि त्यातच रमले. १९७० च्या दशकात, छोटे संगणक नुकतेच बाजारात येत असताना, त्यांनी मित्राबरोबर कंपनी काढून हिशेबाचे सॉफ्टवेअर विकले. १९८८ साली त्यांनी स्वतः बनवलेली एक रचना बिल गेट्स यांना दाखवली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली, तिला आपल्या ‘बेसिक’ या भाषेची जोड दिली आणि १९९१ साली ‘व्हिज्युअल बेसिक’ बाजारात आणले. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या संगणक वर्गांतून ज्यांनी रात्री जागून ‘व्हीबी’ गिरवले, त्यांना हे नाव नव्याने सांगायला नको.

असा हा पट्टीचा प्रोग्रॅमर १९९२ साली आपल्या पत्नी स्यू कूपर यांच्यासह एक सल्लागार संस्था काढतो आणि सांगू लागतो, की सॉफ्टवेअर कसे वागावे हे प्रोग्रॅमरने ठरवू नये! कारण सोपे होते. प्रोग्रॅमर वाईट नसतो, पण यंत्राच्या आतले त्याला इतके ठाऊक असते की बाहेरून पाहणे त्याला जमत नाही. शिवाय जे लिहायला सोपे तेच वापरायलाही सोपे, असे त्याचे मन त्याला पटवून देते. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जुनी आठवण झाली असावी. घराचा आराखडा गवंड्याने वीट रचता रचता ठरवायचा नसतो. राहणारा माणूस कोण, त्याची उठबस कशी, हे पाहून तो आधी कागदावर काढायचा असतो. कूपर यांच्या संस्थेने सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा कागदावरचा आराखडा आणला.

एक उदाहरण घेऊ. संगणकावर मजकूर लिहून झाला की पूर्वी हमखास प्रश्न यायचा: बदल जतन करायचे काय? नवशिक्या माणसाच्या काळजात धस्स व्हायचे. आता तासभर बसून लिहिले ते उगाच लिहिले काय? वहीत लिहिणाऱ्याला वही असे कधी विचारत नाही. मग संगणक का विचारतो? कारण त्याच्या पोटात दोन कप्पे आहेत, एक तात्पुरत्या आठवणीचा आणि एक कायमच्या साठ्याचा. ही यंत्राची घरगुती अडचण. ती पाहुण्यापुढे मांडण्याचे कारण नाही, असे कूपर यांनी १९९५ च्या आपल्या पहिल्या पुस्तकात बजावले. आज बऱ्याच ठिकाणी मजकूर आपोआप जतन होतो आणि त्या प्रश्नाची कोणाला आठवणही येत नाही. चांगल्या आराखड्याचे हेच दुर्दैव. तो जमला की दिसेनासा होतो.

सर्वांसाठी म्हणजे कोणासाठीच नाही

संस्थेची सर्वांत मोठी देणगी मात्र वेगळीच आहे आणि तिचा उगम गमतीदार आहे. १९८३ च्या सुमारास कूपर कामांचे वेळापत्रक आखणारे एक सॉफ्टवेअर लिहीत होते. त्या काळचे संगणक मंद. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवायला लावला की बराच वेळ हात बांधून बसावे लागे. त्या वेळात कूपर मॉन्टेरी येथील घराजवळच्या गोल्फच्या मैदानावर फिरायला जात आणि एका जाहिरात संस्थेत कामांची आखणी करणाऱ्या परिचित बाईंची भूमिका स्वतःशीच वठवत. त्या बाईंना आज काय हवे आहे, त्या कशाने चिडतील, काय पाहून खूश होतील, असा हातवारे करीत मोठ्याने संवाद चाले. पाहणाऱ्यांना काय वाटले असेल कोण जाणे! पण फिरून आल्यावर कोणती सोय ठेवायची आणि कोणती टाकायची, हे त्यांना लख्ख दिसू लागे.

याच खेळाची पुढे संस्थेत पद्धत झाली. ज्यांच्यासाठी काम करायचे त्या लोकांना आधी प्रत्यक्ष भेटायचे, तासन्‌तास बोलायचे, त्यांना काम करताना पाहायचे. मग त्या साऱ्यांतून एकदोन काल्पनिक पण सच्ची माणसे घडवायची. त्यांना नाव, वय, स्वभाव, घरदार द्यायचे आणि पडद्यावरची प्रत्येक गोष्ट त्या माणसाला विचारून ठरवायची. याला त्यांनी ‘पर्सोना’ म्हटले. आपण व्यक्तिरेखा म्हणू. हे लेखकाचे काम झाले, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे.

याची गरज काय? कूपर म्हणत की ‘वापरणारा’ हा शब्द रबरासारखा आहे. प्रोग्रॅमरला एखादी अवघड गोष्ट घुसवायची असली की ‘वापरणारा’ हुशार होतो, आणि कंटाळा आला की तोच ‘वापरणारा’ भोळा होतो. जिवंत नावाच्या माणसाला असे ताणता येत नाही.

सोनीच्या एका कंपनीसाठी केलेले काम याचा उत्तम नमुना आहे. विमानात प्रवाशांना आसनापुढच्या पडद्यावर चित्रपट पाहता यावेत अशी ती यंत्रणा होती. मूळ आराखड्यात यादीत यादी, तिच्या पोटात आणखी यादी, असा सारा कारभार. कूपर यांच्या माणसांनी प्रवाशांच्या चार व्यक्तिरेखा उभ्या केल्या. सतत विमानाने फिरणारा व्यापारी, दोन भाषा जाणणारी व्यावसायिक महिला, एकटा प्रवास करणारा नऊ वर्षांचा मुलगा आणि टेक्सासचे एक साठी ओलांडलेले, बोटांत संधिवात असलेले, संगणकाशी कधी संबंध न आलेले गृहस्थ, क्लेव्हिस मॅकक्लाउड. संस्थेने सांगितले, यंत्रणा फक्त क्लेव्हिससाठी बनवा. बाकीचे तिघे त्यांना सोपे असलेले वापरतीलच. तिघांना सोपे वाटणारे क्लेव्हिसना मात्र जमणार नाही. मग याद्या गेल्या. चित्रपटांची पोस्टरे एका ओळीत आली आणि रेडिओला असते तशी हाताने फिरवायची एक खुंटी आली. खुंटी फिरवा, पोस्टरे सरकतील. संपले.

कूपर याला चाकांच्या बॅगेचा दाखला देत. १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने दांड्याची, चाकांवर ओढायची उभी बॅग केली, ती विमानातील कर्मचाऱ्यांसाठी. ‘सर्व प्रवाशांसाठी’ असा विचार तिच्यामागे नव्हता. आज लग्नाच्या वऱ्हाडात ती नसलेले घर सापडायचे नाही. एका माणसाची अडचण नीट सोडवली की पुष्कळांची सुटते. सगळ्यांची एकदम सोडवायला गेले की कोणाचीच सुटत नाही.

ज्याचा पैसा, त्याचा पडदा

एवढी चांगली पद्धत, मग आपले पडदे अजून असे का? येथे या कहाणीची दुसरी बाजू येते आणि ती सांगितल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही.

पहिली गोष्ट, पद्धत पसरली तशी ती पातळ झाली. लोकांना भेटण्याचे कष्ट कोणाला नकोत. मग कार्यालयात बसूनच व्यक्तिरेखा रचायच्या, हसऱ्या चेहऱ्याचा एक विकतचा फोटो लावायचा, भिंतीवर चिकटवायचा आणि विसरून जायचे. सोवळे राहिले, देव गेला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आराखडा वापरणाऱ्यासाठी असला तरी त्याचे पैसे देते ती कंपनी. दोघांचे हित एक असते तोवर सारे छान. पण माणूस कोठे थबकतो, काय न वाचता पुढे जातो, कशाला लाजतो, हे ज्ञान त्याला मदत करायला जसे वापरता येते तसेच फसवायलाही वापरता येते. वर्गणी सुरू करण्याचे बटण मोठे हिरवे आणि बंद करण्याचे सात पायऱ्यांखाली. न मागितलेली वस्तू बिलात हळूच शिरलेली. ‘आता फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई. ब्रिटनमधील हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. म्हणजे पडद्याची मांडणी हा आता कायद्याचाही विषय झाला आहे.

कूपर यांना हे उमजले होते. संस्था विकल्यानंतर काही महिन्यांनी, २०१८ साली, फ्रान्समधील लियाँ येथे त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंपुढे भाषण केले. विषय होता ‘ओपेनहायमरचा क्षण’. अणुस्फोट पाहून आपल्या हातून काय घडले हे त्या शास्त्रज्ञाला जसे उमगले, तसा क्षण आता आपल्या व्यवसायावर आला आहे, असे त्यांचे म्हणणे. वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण आपण लावलेल्या झाडाला पुढे काय फळ येईल हे कोणी पाहत नाही. म्हणून आपण चांगले पूर्वज व्हायला शिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. नातवाने खावा म्हणून आजोबांनी लावलेला आंबा ज्यांच्या परसात आहे त्यांना हा विचार परका वाटणार नाही. कूपर स्वतः तोवर कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे शेतावर राहायला गेले होते.

हयातीचा दाखला आणि पिकाची नोंद

आता आपल्या अंगणात येऊ. कंपनीचा पडदा आवडला नाही तर दुसऱ्या दुकानात जाता येते. सरकारचा पडदा नाही आवडला तर कोठे जायचे? तेथे बटण सापडले नाही तर हक्काच्या गोष्टीसाठी खेटे पडतात.

निवृत्तिवेतनधारकांसाठी ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. उतारवयात बोटांचे ठसे पुसट होतात, ते यंत्राला उमटत नाहीत, ही तक्रार जुनीच. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये मोबाइलपुढे चेहरा धरूनही दाखला देता येऊ लागला. हा बदल योग्य दिशेचा होता, कारण यंत्र माणसाकडे एक पाऊल सरकले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने करायची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करायची. कल्पना चांगली, कारण आपल्या पिकाची नोंद आपल्या हाती येते. पण कूपर यांच्या पद्धतीने एक व्यक्तिरेखा उभी करून पाहावी. बासष्ट वर्षांची, दोन एकर कोरडवाहू जमिनीची मालकीण. शिक्षण चौथी. फोन नातवाचा, तो तालुक्याला कॉलेजात. दुपारचे ऊन, पडद्यावर काही दिसत नाही. नेटवर्क बांधावर येते आणि शेताच्या मध्यावर जाते. तुरीत आंतरपीक उडीद. तिला नाव द्यायचे काम वाचकांवर सोपवतो. आपापल्या गावातले एखादे नाव प्रत्येकाला आठवेल. पुढचा कोणताही पडदा मंजूर करण्याआधी तो अर्धा तास तिच्या हाती द्यावा आणि मुंबईच्या साहेबांनी शेजारी गप्प उभे राहून पाहावे. खर्च शून्य.

भाषेचेही तसेच. ‘आपले सत्र कालबाह्य झाले आहे’ हे वाक्य कोणत्या मराठी घरात बोलतात? ‘फार वेळ झाला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा’ असे लिहायला कोणाची हरकत होती? मराठी अक्षरे दिसली म्हणजे पडदा मराठी झाला, असे होत नाही.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिका आहेत. बँकेतल्या कामासाठी त्यांच्या फोनवर ओटीपी आला. त्यांनी चष्मा लावला, संदेश उघडला, आकडे पाठ केले, परत अ‍ॅपवर आल्या. तोवर मुदत संपली होती. तीनदा असे झाल्यावर खिडकीतला तरुण अगदी नम्रपणे म्हणाला, “आजी, मुलाला घेऊन या.” बाई घरी आल्या आणि मला म्हणाल्या, “तीस वर्षे गणित शिकवले रे. आज मला कोणी नापास केले तेच कळले नाही.”

या वाक्याचे उत्तर ‘कूपर’ संस्थेने केव्हाच देऊन ठेवले आहे. बाई नापास झाल्या नाहीत. चष्मा बदलायला लागणारा वेळ ज्याने धरला नाही, तो आराखडा नापास झाला. अमळनेरच्या कारखान्याची वारसदार कंपनी एके दिवशी हे शहाणपण पैसे मोजून विकत घेते, यात अभिमान वाटण्यासारखे आहे. मात्र ते आपल्या बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या पडद्यांवर उतरेपर्यंत घरातल्यांनी एक पथ्य पाळायला हरकत नाही. आईच्या हातून फोन ओढून घेऊ नये. शेजारी बसावे, ती कोठे अडते ते नीट पाहावे, आणि ते जसेच्या तसे तक्रारीत लिहून पाठवावे. व्यक्तिरेखा घडवण्याची सुरुवात तेथूनच होते.